तोंडावर पाच बोटं

सकेलारीसने बेचाळीस वर्षं समुद्राच्या तळाशी स्पंज कापले, पण पाण्यात तुम्ही शिरता कसे, हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यात विचारण्यासारखं काही आहे, हेच त्याला ठाऊक नव्हतं. पाणी खाली असतं, माणूस वर असतो. पुढचं आपोआप होतं.

म्हणून थेमेलिनाने, त्याच्या मुलीने, तो कागद वाचून दाखवला तेव्हा त्याला वाटलं, पोरगी थट्टा करते आहे.

"पाणबुड्यांच्या होडीवरून जो कुणी पाण्यात उतरेल," ती वाचत होती, "आणि ज्याचं वय साठीच्या पुढे असेल, त्याने उतरायच्या तीन सुरक्षित रीतींपैकी निदान दोन परीक्षकासमोर करून दाखवाव्यात. अन्यथा विमा लागू होणार नाही."

"आणि नाही दाखवल्या तर?"

"तर तुम्ही सुकाणू धरून बसायचं, बाबा. पाण्यात पाय नाही घालायचा."

पायाचा विषय निघाला की सकेलारीस गप्प होत असे. तरुणपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यापुढे तो एकदा खोलात फार वेळ राहून घाईने वर आला होता, आणि तसं केलं की पाय लुळे पडतात. पाय त्याच्याबरोबर वर आला, पण डाव्या पायातला जोर तिथेच राहिला. ग्रीसमधल्या त्यांच्या कालिम्नोस बेटाच्या धक्क्यावर कॉफीच्या दुकानात जे म्हातारे बसतात, त्यांच्यातल्या निम्म्यांची हीच कथा. खुर्च्यांपेक्षा काठ्या जास्त. जमिनीवर सकेलारीस तीन पायांनी चाले, आणि तिन्हींचं एकमेकांशी पटत नसे. पण पाण्याखाली पायाला वजन नसतं. तिथे डावा पाय उजव्याच्या बरोबरीने चाले, आणि सकेलारीस पुन्हा तिशीत जाई.

आता थेमेलिना त्याच्या जुन्या होडीवरून परदेशी पाहुण्यांना बुड्या मारायला नेत असे. पाहुणे वर आले की खडकात अडकलेला नांगर सोडवायला खाली जायचं, हे सकेलारीसचं काम. काम पाच मिनिटांचं होतं. तो वीस मिनिटं लावी. कागद आल्यापासून तीन आठवडे झाले, नांगर थेमेलिनाच सोडवत होती, आणि म्हातारा कठड्याला टेकून पाण्याकडे असा बघे, जसा वैद्याने दारू बंद केलेला माणूस दुसऱ्याच्या पेल्याकडे बघतो.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "शिकव मग. मला पाण्यात पडायला शिकव."

दुसऱ्या दिवशी शिकवणी सुरू झाली.

"आधी काय करायचं?" थेमेलिनाने विचारलं.

"उडी."

"आधी बघायचं. खाली कुणी आहे का, दोर आहे का, खडक आहे का. टाकीची हवा चालू आहे का. जाकिटात थोडी हवा भरली आहे का, म्हणजे पडल्यावर वर तरंगाल."

"तरंगायचंच असेल तर मी पाण्यात कशाला जाऊ? धक्क्यावर बसून राहीन."

"बाबा."

"भरली हवा. पुढे?"

"पुढे, पाण्याचा फटका बसून डोळ्यांवरची काच आणि तोंडातली नळी निघून जाऊ नये म्हणून ती दोन्ही एकाच हाताने दाबून धरायची. असं." तिने तळवा नळीवर ठेवला आणि पाचही बोटं फाकवून काचेवर टेकवली.

सकेलारीस तिच्याकडे बघत राहिला.

"काढ तो हात," तो हळूच म्हणाला. "लोक बघतायत."

"काय झालं?"

"स्वतःच्या हाताने स्वतःच्या तोंडाला पंजा लावतेस आणि काय झालं विचारतेस?"

त्या बेटावर उघडा पंजा, बोटं फाकवून, कुणाच्या तोंडासमोर धरणं ही शिवी आहे. तोंडाने दिलेल्या शिवीपेक्षा वरच्या पायरीची, कारण ही लांबून दिसते आणि बहिऱ्यालाही कळते. आणि तोच पंजा स्वतःच्या तोंडाला लावणं म्हणजे माझ्यासारखा गाढव मीच, असं चारचौघांत कबूल करणं. कुणी बोकड स्वस्तात विकला, कुणी चुकीच्या माणसाला मत दिलं, की माणसं असं करतात, पण आधी दार लावून घेतात.

थेमेलिना पंधरा वर्षं हेच करत आली होती आणि हेच शिकवत आली होती. तिच्या ते कधी ध्यानातच आलं नव्हतं. आता आलं, आणि मग जाईना. त्याच दुपारी तिने आठ जर्मन पाहुण्यांना काठावर रांगेने बसवलं, तीन आकडे मोजले, आणि आठही जणांनी गंभीर चेहऱ्याने स्वतःला पंजा लावून पाठीमागे पाण्यात झोकून दिलं. ती सुकाणूमागे जाऊन तोंडात फडकं घालून हसली.

सकेलारीसला मात्र हसू येत नव्हतं. परीक्षा धक्क्यालाच व्हायची होती, कॉफीच्या दुकानापासून पंधरा पावलांवर, सगळ्या काठ्यांसमोर. त्याने मूठ लावून पाहिली. काच कपाळावर गेली. दोन बोटं लावून पाहिली. काच कानावर गेली आणि अर्धा समुद्र नाकात. शेवटी त्याने अंगठा तळव्यात दुमडला आणि चारच बोटं लावली. काच राहिली, जेमतेम.

हा प्रश्न संध्याकाळी कॉफीच्या दुकानात निघाला. मिकेस म्हणून त्याचा एक जुना जोडीदार होता. दोघे एकाच होडीवर काम करत, आणि तेव्हापासून त्यांच्यात रोज भांडण होतं, रविवारी सुद्धा.

"चार बोटांचा पंजा होत नाही," मिकेसने निकाल दिला. "माझ्या आजोबांची दोन बोटं सुरुंगात गेली होती. ते साऱ्या गावाला हात दाखवत हिंडायचे, कुणी कधी रागावलं नाही."

"मग ठरलं," सकेलारीस म्हणाला.

"ठरलं काय? चार बोटं म्हणजे बावळट नाही, पण बावळटपणाच्या वाटेवर आहे, एवढं होतंच."

"तू पाण्यात शीर आणि दाखव मला, पाच लावतोस का सहा."

"मला कुठे परीक्षा आहे? मी तर बघायला येणार. खुर्ची पुढे घेऊन."

परीक्षक म्हणून फिनलंडची एक उंच, गोरी बाई आली. नाव मार्यूका. ती रोड्स बेटावर चार वर्षं राहिली होती आणि पुस्तकातून शिकलेली ग्रीक भाषा शुद्ध बोलत होती, इतकी शुद्ध की ऐकणाऱ्याला उगाच सरळ बसावंसं वाटे. वागायला अतिशय सभ्य. आणि तिला एक सवय होती: कुणाला थांबायला सांगायचं झालं की ती हसून हात वर करी आणि उघडा तळवा त्या माणसाच्या तोंडासमोर धरी.

सकाळी आल्या आल्या तिने दोर फेकणाऱ्या माणसाला असं थांबवलं. मग मासळीच्या गाडीला. मग पाद्रीबाबांना, जे नुसतेच रस्ता ओलांडत होते. पाद्रीबाबांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि वाट बदलली.

"परदेशी आहे," थेमेलिना बापाच्या कानात म्हणाली. "पाण्याखाली बोलता येत नाही, तिथली खूण आहे ती. थांबा, एवढाच अर्थ."

पण सकेलारीसच्या कानावर तेव्हा रबरी टोपी होती.

पहिली रीत, पाठीमागे झोकून द्यायची, रबरी होडीतून दाखवायची होती. सकेलारीस काठावर बसला, पाठ पाण्याकडे, पाठीवर टाकी, हनुवटी छातीला, तोंडात नळी. अंगठा दुमडून चार बोटं काचेवर लावली. समोर दोन हातांवर मार्यूका वही घेऊन बसली होती. यंत्र अजून फटफटत होतं. थेमेलिना ते बंद करायला वाकली, आणि तोवर म्हाताऱ्याने घाई करू नये म्हणून मार्यूकाने हात वर केला.

पाच बोटं. फाकवलेली. तोंडासमोर. वर हसत.

धक्क्यावर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

सकेलारीस अडुसष्ट वर्षांचा होता. बायकांशी तो कधी वाईट वागला नव्हता. पण धक्क्यावर निम्मं गाव होतं, आणि हात डोक्याच्या आधी हलतात. त्याने काचेवरचा हात काढला, दुसरा त्याच्या जोडीला घेतला आणि दोन्ही पंजे, दहाच्या दहा बोटं, तिच्या तोंडासमोर ढकलली. जमेल तितक्या जोरात. तोंडात नळी होती म्हणून बरोबरचे शब्द बुडबुड्यांसारखे बाहेर आले.

थेमेलिनाने डोळे मिटून घेतले.

मार्यूकाचं हसू गेलं. तिने ते दोन पंजे पाहिले, ताडकन उठली आणि सकेलारीसच्या पाठीमागे पाहिलं. त्याच्या पाठीपासून हातभर अंतरावर मिकेसची छोटी वल्ह्यांची होडी येऊन ठेपली होती. धक्क्यावरून नीट दिसत नाही म्हणून तो जवळ आला होता, आणि आणखी चांगलं दिसावं म्हणून उभा राहिला होता. सकेलारीसने पाठीमागे झोकून दिलं असतं तर टाकीसकट तो मिकेसच्या मांडीवर जाऊन बसला असता.

"थांबा, धोका," मार्यूका पुटपुटली. "दोन्ही हातांनी." मग तिने सकेलारीसकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर त्याच्या वाट्याला लग्नाच्या दिवशीही आली नव्हती. "कप्तान, सोळा वर्षं मी परीक्षा घेते आहे. मागे न वळता मागची होडी ओळखणारा माणूस मी पाहिला नव्हता. आवाजावरून कळलं का?"

सकेलारीसने नळी काढली. थेमेलिनाने त्याच्या बुटावर पाय दिला. त्याने नळी परत घातली.

मिकेसला हाकललं. तो जाता जाता म्हणत होता, "मी काय केलं? मी तर त्याला धीर द्यायला आलो होतो." मग यंत्र बंद झालं, सकेलारीस पाठीमागे पाण्यात पडला, वर आला, हात डोक्यावर ठेवून ठीक असल्याची खूण केली, आणि मार्यूकाने वहीत मोठी बरोबरची खूण केली. शेजारी दोन ओळी कौतुकाच्याही लिहिल्या.

दुसरी रीत मोठ्या होडीवरून. कठड्याच्या फटीत उभं राहायचं, नजर समोर ठेवायची, खाली बघायचं नाही, आणि एक लांब पाऊल टाकायचं, जणू पुढे जमीनच आहे. तरणी पोरं हे डोळे मिटून करतात.

सकेलारीसने काठी थेमेलिनाकडे दिली आणि फटीत उभा राहिला. पाठीवरच्या टाकीचा भार खांद्यांवरून कमरेत आणि कमरेतून पायांत उतरला. उजव्याने तो घेतला. डाव्याने परत पाठवला.

तो विचार करू लागला. उजवा पुढे टाकावा तर तेवढ्या क्षणापुरता सगळा भार डाव्यावर. डावा पुढे टाकावा तर तो पुढे जातच नाही, नुसता खाली जातो. मग माणूस होडीपासून लांब पडत नाही, सरळ खाली घसरतो, आणि टाकी होडीच्या काठावर आपटते. तिच्यामागून डोकं.

"काही अडचण आहे का, कप्तान?" मार्यूकाने विचारलं.

"वारा बघतोय."

वारा नव्हता. कॉफीच्या कपावरची वाफही सरळ वर जात होती.

"अरे टाक की पाऊल," धक्क्यावरून मिकेस ओरडला. "का आता ख्रिस्तासारखं पाण्यावरून चालत जाणार?"

"तू तुझं तोंड धू," सकेलारीस म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"तिसरीही रीत आहे," मार्यूका म्हणाली. "दोनच करायच्या आहेत. एक झाली आहे. ही जमत नसेल तर बसून उतरता येतं."

ती तिसरी रीत थेमेलिनाने घरी दाखवली होती. होडीच्या मागच्या फळीवर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे, दोन्ही हात एका बाजूला टेकायचे, अंग वळवायचं आणि हातांवर भार देऊन सावकाश खाली सरकायचं. तेव्हा सकेलारीस म्हणाला होता, गाढवावरून उतरणाऱ्या गरोदर बाईची रीत आहे ही, बेचाळीस वर्षं मी समुद्रात काय गाढवावरून गेलो?

आता तो फटीत उभा होता. समोर पाणी होतं, सहा वाव खोल आणि काचेसारखं स्वच्छ. तळावरचं एक जुनं चाक दिसत होतं. मागे निम्मं गाव. आणि त्या वहीत एक खूण होती, जी त्याची नव्हती.

जमिनीवर सकेलारीस खोटं बोलत असे, भरपूर आणि हौसेने. पण पाण्याच्या कामात त्याला ती सवय नव्हती. खाली किती वेळ होतो, हे वरच्या माणसाला खोटं सांगितलं की माणूस मरतो किंवा लंगडा होतो. हे त्याने एकदाच केलं होतं, आफ्रिकेपुढे.

तो वळला.

"बाई," तो म्हणाला. "पहिली खूण खोडा."

"बाबा," थेमेलिना म्हणाली.

"तू थांब. बाई, मी मागची होडी ओळखली नाही. त्या मिकेसला मी डोळ्यांसमोर असला तरी बघायचं टाळतो. मी धोक्याची खूण केली नव्हती. मी तुम्हाला शिवी दिली. दोन्ही हातांनी."

मग सकेलारीसने तिला तो पंजा समजावून सांगितला, आपलाच हात पाठीमागे लपवून, कारण दाखवून सांगायची सोय नव्हती. एका हाताचा अर्थ, दोन हातांचा अर्थ, स्वतःच्या तोंडाचा अर्थ.

"म्हणजे मी सकाळपासून," ती सावकाश म्हणाली.

"अकरा वेळा. मिकेसने मोजलंय."

"पाद्रीबाबांनाही?"

"त्यांना दोनदा. येताना आणि जाताना."

ती फळीवर खाली बसली. तिच्या गोऱ्या चेहऱ्यावर गळ्यापासून लाली चढत गेली. "रोड्सला," ती म्हणाली, "बंदरावर एक माणूस होता. चार वर्षं त्याने माझा दोर कधी धरला नाही. मला वाटायचं, त्याला ऐकू येत नाही."

"त्याला दिसत होतं, बाई."

पहिल्यांदा हसली ती थेमेलिना. मग मार्यूकाला हसू आवरेना, वही मांडीवरून खाली पडली. धक्क्यावरचे लोक काय झालं म्हणून एकमेकांना विचारू लागले.

"आणखी एक," सकेलारीस म्हणाला. हे त्याला जास्त जड गेलं, आणि त्याने आवाजही खाली आणला. "वारा बिरा काही नाही. पाय आहे. हा पाय माझं ऐकत नाही."

"ते मी तुम्ही धक्क्यावरून आलात तेव्हाच पाहिलं होतं," मार्यूका म्हणाली. "तुम्ही ते कधी सांगता, त्याची वाट बघत होते. लांब पाऊल टाकलं असतंत तर मी नापास केलं असतं."

तिने पहिली खूण खोडली, कौतुकाच्या ओळींसकट. नियम म्हणजे नियम. पहिली रीत पुन्हा करावी लागली. या वेळी थांबायला सांगताना तिने मूठ बंद करून वर धरली, आणि स्वतःच्या मुठीकडे दोनदा पाहून खात्री करून घेतली. सकेलारीसने मान वळवून मागे पाहिलं. मग चार बोटं काचेवर लावली.

"अंगठाही," मार्यूका म्हणाली. "चारने काच निसटते. मघाशी पाणी शिरलं होतं, मी पाहिलं."

सकेलारीसने अंगठा उघडला. साऱ्या गावासमोर आपल्या तोंडाला आपला पंजा लावला. सकाळपासून त्याने जे केलं होतं ते पाहता तो त्याला चपखल बसला, जरा आपलेपणाच वाटला. आणि तो पाठीमागे पाण्यात गेला.

मग तो मोठ्या होडीच्या मागच्या फळीवर येऊन बसला. पाय पाण्यात सोडले. डाव्या पायाला पाणी लागलं आणि तो तेवढ्यातच हलका झाला. दोन्ही हात उजवीकडे टेकले, अंग वळवलं. धक्क्यावर मिकेसने थट्टेसाठी तोंड उघडलं, आणि तसंच मिटून घेतलं. सकेलारीसच्या खांद्यांत अजून जोर होता. तो हातांवर तोलून खाली सरकला, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि पाण्यावर एक वर्तुळ सोडून गेला. उडालेला थेंबही नाही.

खाली एकट्याने जायचं नाही, हा थेमेलिनाचा नियम होता, म्हणून तिने टाकी चढवली आणि त्याच्यामागे गेली.

मार्यूकाने दोन्ही खुणा केल्या, सही केली, तारीख घातली आणि तो वर येण्याची वाट पाहू लागली. पाच मिनिटं झाली. आठ झाली. ती कठड्यावरून वाकली. होडीखाली बुडबुडे नव्हते.

"ते कुठे गेले?" तिने धक्क्यावर विचारलं.

मिकेस काठावर येऊन पाण्याकडे बघत होता. त्याने काठीने दाखवलं. धक्क्याच्या कडेकडेने बुडबुड्यांची एक रांग सरळ चालली होती, जोरात, आणि तिच्यामागे काही अंतर ठेवून दुसरी.

"फिरायला गेलाय," मिकेस म्हणाला.

बुडबुडे कॉफीच्या दुकानासमोरून गेले. म्हातारे उठले. एकेकाने काठी घेतली आणि सगळे धक्क्यावरून त्या बुडबुड्यांच्या जोडीने चालू लागले, टक टक करत. बर्फाच्या कारखान्यापर्यंत त्यांनी बरोबरी केली. मग अंतर पडू लागलं.

"सावकाश चाल की रे, मेल्या," मिकेस पाण्याला म्हणाला, आणि धाप लागली म्हणून एका खुंटावर बसला. "बाई, त्या परीक्षेचा अर्ज कुठे मिळतो?"